भाड्याच्या गाडीचा मोह

जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घ्यावी की नवी कोरी भाडेपट्ट्याने आणावी, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या धनिकांना पडत असतो. तो त्यांनी आपल्या खिशाप्रमाणे सोडवावा. समाजवाद्यांनी त्याची उठाठेव करण्याचे कारण नाही. परंतु हाच प्रश्न राज्य परिवहन महामंडळाच्या कचेरीत उभा राहतो आणि त्याचे उत्तर 'भाडेपट्टा' असे परस्पर ठरते, तेव्हा त्याचा भार मारेगाव तालुक्यातील मार्डी, कुंभा, बोटोणीच्या प्रवाशांवर येऊन पडतो.

मारेगावची भिस्त वणी आणि पांढरकवडा या शेजारच्या आगारांवर आहे. गाडी नादुरुस्त झाली की फेरी रद्द होते आणि बाजाराला निघालेली शेतमजूर बाई काळी-पिवळीच्या दारात लोंबकळते. महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२३ पासून मिळाली. पण जी गाडी येतच नाही, तिच्यातील सवलतीचा उपयोग काय?

गाड्या जुन्या झाल्या, भांडवल नाही, म्हणून भाड्याने आणल्या, असा युक्तिवाद केला जातो. यातील पहिला भाग खरा आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. दुसरा मात्र तपासला पाहिजे. कंत्राटदार गाडीत घालतो ते भांडवल कोठून येते? बहुधा बँकेच्या कर्जातून. आणि ते कर्ज त्याला मिळते ते महामंडळाच्या कराराच्या जोरावर. त्याचे व्याज आणि वर त्याचा नफा हे सारे किलोमीटरच्या दरातून महामंडळच फेडते. करार संपतो तेव्हा गाडी कंत्राटदाराची राहते. महामंडळाकडे उरतात ती फक्त फेडलेली बिले!

आजवरचा अनुभव काय सांगतो? २०१७ साली वाजतगाजत आलेल्या 'शिवशाही'च्या ताफ्यात भाड्याच्या गाड्या होत्या. ५,१५० विजेच्या गाड्यांचा भाडेकरार २०२३ मध्ये झाला. गाड्या ठरल्या वेळी आल्या नाहीत म्हणून मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनीच तो रद्द करण्याचे आदेश दिले. त्याआधी १,३१० गाड्या भाड्याने घेण्याच्या प्रक्रियेला मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली होती. आणि या सगळ्या काळात प्रवाशाच्या वाट्याला काय आले? जानेवारी २०२५ ची १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ.

याउलट महामंडळाच्या घरी काय आहे, ते पाहावे. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. जुन्या सांगाड्यावर नवी बांधणी करून गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम तेथील कामगारांनी वर्षानुवर्षे केले आहे. जुनी गाडी राखण्याची ही विद्या भाडेपट्ट्याने मिळत नाही. ती एकदा मोडली की पुन्हा उभी करण्यास एक पिढी लागते. भाड्याच्या गाडीबरोबर चालकही कंत्राटदाराचाच येतो, हेही लक्षात घ्यावे. ऑक्टोबर २०२१ पासून सहा महिने संप लढवलेल्या कामगारांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम २२ व्यापारी तत्त्वांचे स्मरण देते, असे भाडेपट्ट्याचे पुरस्कर्ते बजावतात. बजावोत, पण त्याच कायद्याचे कलम १८ पुरेशा, कार्यक्षम आणि काटकसरीच्या सेवेचे कर्तव्य सांगते. भाडेकरारात बहुधा किमान किलोमीटरची हमी असते आणि ते भरून काढण्यासाठी अशी गाडी लांबच्या, गर्दीच्या मार्गावरच धावणार. बोटोणीच्या वाटेला ती कशाला वळेल?

सवलती राज्याच्या, प्रवासी कर राज्याचा आणि दहा हजार कोटींवर गेलेला संचित तोटा मात्र महामंडळाचा! सवलतींची भरपाई वेळेवर द्यावी आणि स्वमालकीच्या गाड्यांसाठी भांडवल द्यावे, ही मागणी अवाजवी नाही. २,६४० साध्या गाड्या महामंडळाने स्वतःसाठी खरेदी करण्यास काढल्याच की! म्हणजे मार्ग माहीत आहे. अडचण दुसरीच आहे.

मारेगावच्या कार्यकर्त्यांनी वणी आगारात जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तालुक्याच्या किती फेऱ्या गेल्या वर्षात रद्द झाल्या, त्यांपैकी किती गाडीअभावी झाल्या, आणि नव्या स्वमालकीच्या गाड्यांपैकी किती या आगाराला मिळाल्या. उत्तर आले की ते बाजाराच्या दिवशी बसस्थानकावर मोठ्याने वाचून दाखवावे.