दाखला त्यांचा मागा!

जातपडताळणीची फाईल बगलेत मारून मी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उभा. साहेब म्हणाला, १९५० आधीचा पुरावा आण. आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, कागद कुठून आणू? पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला, त्यातही जीएसटी भरला. शेजारच्या हमालानंही तेवढाच भरला.

दोस्तांनो, नाव लपवायची अन् कर चुकवायची सोय फक्त पैसेवाल्यांना. त्यांचा एक स्वर्ग मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं गिरमिटावर तिथं ऊसमळ्यात राबायला नेली. आता तिथं घाम लागत नाही, कंपनीची पाटी पुरते. १९८२ चा भारत-मॉरिशस करार म्हणाला : तिथल्या कंपनीनं इथले शेअर विकून कमावलं, तर कर फक्त मॉरिशसनं लावावा. मॉरिशस तर लावतच नव्हता! २०१७ पर्यंत हे दार सताड उघडं.

आफ्रिकेचीही अशीच लूट. धंदा युगांडात, नफा पोर्ट लुईच्या कागदावर. २०१९ साली 'मॉरिशस लीक्स'नं वकिलांच्या फायली उघड्या पाडल्या. सगळ्या चोरवाटा धरून आफ्रिकेतून वर्षाला सुमारे ८९ अब्ज डॉलर बाहेर जातात, हा संयुक्त राष्ट्रांच्या अंकटाडचा २०२० चा हिशोब. मिळणाऱ्या मदतीपेक्षा कितीतरी जास्त! मग भिकारी कोण अन् दाता कोण? त्या पैशातले दवाखाने, शाळा कुणी गिळल्या?

नुसत्या बेटाला शिव्या देऊन भागणार नाही. गिऱ्हाईक मुंबई-लंडनात बसलंय. सेनेगलनं २०२० मध्ये मॉरिशसबरोबरचा करार मोडला. म्हणजे मोडता येतो! आमच्या सात पिढ्यांचे कागद तपासता ना? आधी कंपन्यांच्या खऱ्या मालकांची नावं भिंतीवर लावा!