आयुक्तालय नांदेडला की लातूरला? आधी आयुक्त तर द्या!

आयुक्तालयाचा विषय निघाला की दोन्हीकडचे बाह्या सरसावून तयार. नांदेडकर म्हणतात आमच्याकडं, लातूरकर म्हणतात आमच्याकडं. मुंबईवाले गालातल्या गालात हसतात. आपण भांडतोय तोवर त्यांना काहीच करावं लागत नाही.

मित्रांनो, हे पद काही देवानं ठरवून दिलेलं नाही. निजामाच्या काळात जिल्ह्याला अव्वल तालुकदार आणि त्याच्या वर सुभेदार असायचा. तेव्हा नांदेड औरंगाबादच्या सुभ्यात होतं आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यासोबत गुलबर्ग्याच्या सुभ्यात. तिकडं मुंबई राज्यानं इंग्रजांच्या वेळचं कमिशनरचं पद १९५० मध्ये बंद केलं आणि १९५८ मध्ये परत आणलं. १९६० ला महाराष्ट्रात चार विभाग होते. १९८१ मध्ये नाशिक आणि अमरावती वेगळे काढले, सहा झाले. सरकारच्या मनात आलं की पद निर्माण होतं. आपल्यासाठीच येत नाही!

१९६० ला मराठवाड्यात पाच जिल्हे आणि एक आयुक्त. आज जिल्हे आठ, आयुक्त तेवढाच. नाशिक, पुणे, अमरावती विभागांत पाच-पाच जिल्हे, कोकणात सात. राज्यात सगळ्यात जास्त जिल्हे आपल्या आयुक्ताच्या गळ्यात.

‘आता सगळं ऑनलाइन आहे, कशाला पाहिजे आयुक्तालय?’ असं म्हणणाऱ्यांनी किनवटच्या नाहीतर उदगीरच्या शेतकऱ्याला विचारावं. जमिनीच्या वादात कलेक्टरच्या निकालावर अपील करायचं तर संभाजीनगर गाठा. वकिलाची फी, गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि वर पुढची तारीख.

बाकी खात्यांनी तर कधीच वाटणी केलीय. पोलिसांचं परिक्षेत्र नांदेडला, विद्यापीठ नांदेडला. कृषी सहसंचालक लातूरला, बोर्डाचं विभागीय कार्यालय लातूरला. तेव्हा आभाळ कोसळलं का?

२००९ मध्ये अशोक चव्हाण मुख्यमंत्री असताना नांदेडला आयुक्तालय करायचं ठरलं. लातूर पेटलं, वाद कोर्टात गेला, आणि काम तिथंच अडकलं. शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. या दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले, पण एक आयुक्त मिळवता आला नाही. याची लाज दोन्ही गावांनी अर्धी-अर्धी वाटून घ्यावी.

म्हणून मागणी साधी आहे. आधी पद मंजूर करा, मुख्यालयाचं नंतर बघू. तोवर अपर आयुक्तांनी महिन्यातून ठरलेल्या तारखांना एकदा नांदेडला आणि एकदा लातूरला सुनावणी घ्यावी. त्याला नवी इमारत लागत नाही, कलेक्टर ऑफिसातला एक हॉल पुरतो.

पुढच्या वेळी आमदार-खासदार दारात आले की ‘कुठं?’ विचारू नका. ‘कधी?’ विचारा. पटलं तर दोन्ही जिल्ह्यांतल्या ग्रुपवर टाका. नुसतं आपल्याच नको.