बेअरिंग कुणाचं?

हळदीच्या हंगामात आमच्या हिंगोलीत पॉलिश ड्रमचं बेअरिंग गेलं की काम ठप्प. पण ते गावात मिळतं.

हवाई दलाची मालवाहू एएन-३२ विमानं १९८४ पासून आपल्याकडे आहेत. २००९ मध्ये त्यांच्या आधुनिकीकरणाचा करार युक्रेनशी झाला. २०१४ मध्ये तिथे संघर्ष पेटला, सुटे भाग अडले आणि कानपूरच्या डेपोतलं काम रखडलं.

आता वडोदऱ्यात ४० सी-२९५ बनणार म्हणून आपण स्टेटस ठेवतो. ठेवा की! पण पोलाद, चाचणी, प्रमाणपत्र या कंटाळवाण्या कामासाठी लघुउद्योगांना वर्षानुवर्षांची ऑर्डर कोण देणार? मीही इंजिनिअर होऊन कोडकडेच पळालो. तरी सांगतो, ज्याचं बेअरिंग परक्याच्या हातात, ते विमान आपलं नाही.