ट कुठे गेला?

अकरावी-बारावीच्या मुलांना पॅरामेट्रिक समीकरणं कार्टेशियन रूपात मांडायला सांगितली की ती एकच काम करतात: पॅरामीटर, म्हणजे 'ट', घालवतात. क्ष = कोसाइन ट, य = साइन ट. दोघांचे वर्ग करून मिळवले की क्ष² + य² = १. वर्तुळ आलं, गुण मिळाले. माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं आपण शिकवत नाही.

तवाफचं उदाहरण घ्या. काबा केंद्रस्थानी आहे. फेरीचा मार्ग सोयीसाठी १ त्रिज्येचं वर्तुळ मानू. हाजी हजर-ए-अस्वदपासून निघतो आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सात फेऱ्या घालतो. तिथून कोन मोजला तर ट ० पासून २५२० अंशांपर्यंत जातो. आता ट घालवा. क्ष² + य² = १ एवढंच उरतं. सुरुवात कुठून झाली, दिशा कोणती, फेऱ्या किती, काहीच कळत नाही. विरुद्ध दिशेने एकच फेरी मारली तरी समीकरण हेच येतं. तवाफ ज्यामुळे तवाफ ठरतो, ते सगळं ट मध्ये होतं.

कार्टेशियन रूप निरुपयोगी नाही. वक्राचा आकार ओळखायला, एखादा बिंदू त्यावर आहे का हे तपासायला तेच सोपं. पण ट काढताना त्याच्यामुळे पडणारी मर्यादा सोबत लिहावी लागते. क्ष = साइन ट आणि य = साइन² ट असेल, तर य = क्ष² मिळतं आणि मुलं अख्खा पॅराबोला काढून मोकळी होतात. साइनची किंमत −१ ते १ च्या बाहेर जात नाही, म्हणून तेवढाच तुकडा खरा. 'असं का?' विचारणाऱ्या मुलीला मात्र 'परीक्षेला येत नाही' म्हणून खाली बसवलं जातं.

आपल्या जलशांत अल-ख्वारिज्मींचं नाव हमखास निघतं. 'अल्जेब्रा' हा शब्द त्यांच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून आला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण त्याच ग्रंथात काही वर्गसमीकरणांना उत्तर कधी मिळत नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. उत्तराबरोबर अट सांगायची, ही त्यांची शिस्त. तो अभिमान खरा असेल, तर मुलांची वही उघडल्यावर आईबापांनी गुणांच्या आधी एवढंच विचारावं: ट काढलास, त्याची हद्द लिहिलीस का?