मैत्रिणींबरोबर सैरंध्रीच्या रानात

चौघी बायकांनी मिळून चार दिवस बाहेर जायचं म्हटलं, की पहिला प्रश्न 'कुठं' हा नसतोच. 'घरी कसं सांगायचं' हा असतो. त्यातून देवदर्शन असलं तर सासूबाई स्वतः लाडवांचा डबा भरून देतात. पण 'रान बघायला जातोय' म्हटलं की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. रानात काय बघायचंय? मैत्रिणींनो, आज त्याबद्दलच थोडं सांगते.

केरळात पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हणजे बाकं आणि कारंजी नव्हेत हो! सुमारे ९० चौरस किलोमीटरचं सदाहरित पर्जन्यवन आहे ते. आपला सह्याद्रीच खाली दक्षिणेत उतरत जातो, त्याच्याच कुशीतलं. मधून वाहणाऱ्या नदीचं नाव कुंती आणि जीप जिथं थांबते त्या जागेचं नाव सैरंध्री. विराटाच्या घरी द्रौपदी याच नावानं राहिली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पांडव इथं येऊन गेले असं तिथले लोक सांगतात. 'सायलेंट' हे नाव म्हणे सैरंध्रीवरूनच साहेबाच्या तोंडी आलं. दुसरे म्हणतात, इथं किर्र आवाज करणारे किडे नव्हते म्हणून ते पडलं. मला विचाराल तर पहिली गोष्ट अधिक गोड आहे.

आम्ही चौघी होतो: मी, शेजारच्या वहिनी, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. दिवाळीची सुट्टी होती. भाऊबीज उरकली आणि निघालो. कोकण रेल्वेनं शोरनूर, तिथून बसनं मण्णारकाड. सकाळी लवकर उठून घाटातल्या वळणांनी मुक्काली. तिथं वनखात्याचं कार्यालय आहे. आपली गाडी पुढं नेता येत नाही. जीपमध्ये बसायचं, बरोबर वाटाड्या असतो. तिथून सैरंध्री २३ किलोमीटर, पण रस्ता असा की येऊन-जाऊन चार-पाच तास जातात. जागा आधी राखून ठेवा आणि उद्यान उघडं आहे ना तेही विचारून घ्या, नाहीतर एवढ्या लांब जाऊन फाटकावरून परत यायची पाळी.

पैशांचं एकच सांगते. सगळ्यांनी सारखे पैसे एका पिशवीत टाकावेत आणि पिशवी सर्वांत चिकट मैत्रिणीच्या हाती द्यावी. रोज रात्री झोपण्यापूर्वी हिशेब. 'राहू दे गं, मी देते' म्हणणारीला तिथल्या तिथं गप्प करावं, कारण नंतर तीच मनात धरते.

आता जळवा. पावसाळ्यानंतर तिकडं पुन्हा पाऊस होतो, तेव्हा दिवाळीत त्या असतातच. साधे विणीचे मोजे उपयोगाचे नाहीत, जळू विणीतून आत शिरते. घट्ट विणीच्या मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंत येतील असे पिशवीसारखे मोजे शिवा आणि वर नाडी घाला. सलवार किंवा पँट त्यांच्या आत खोचायची. तासाभराचं काम आहे. मी चौघींचे शिवले. वहिनी जन्मभर साडीतल्या, पण या सहलीसाठी त्यांनी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि घरी कुणी काही बोललं नाही, याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं. जळू चिकटलीच तर ओढू नका, काडी लावू नका. तिच्या तोंडाशी नख सरकवलं की सुटते. तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरायचं नाही, धुऊन कापूस दाबून धरायचा. रक्त पातळ होण्याचं औषध चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि गप्पा! आम्ही जीपमध्ये बसल्यापासून इतक्या बोलत होतो की वाटाड्यानं शेवटी ओठांवर बोट ठेवलं. तो तिथल्याच आदिवासी वस्तीतला होता. त्यानं वर दाखवलं तिथं आम्हांला आधी नुसतीच पानं दिसली. मग काळ्या तोंडाभोवती रुपेरी आयाळ आणि शेपटीला झुबका असलेलं एक माकड, शेजारी आणखी दोन. हे सिंहपुच्छ माकड पश्चिम घाटाबाहेर जगात कुठंही रानात सापडत नाही. ते जमिनीवर फारसं उतरत नाही. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर जातं. म्हणजे मध्ये झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटला. त्याच्या आवडीचं एक झाड तिथं आहे, काटेरी फळांचं. तिकडं त्याला वेडिप्लावु म्हणतात, त्यातला 'प्लावु' म्हणजे फणस. पण तो आपला फणस नव्हे. काही झाडांची मुळं बुंध्याशी फळ्या उभ्या कराव्यात तशी पसरलेली. मातीचा कस वरच्या थोड्याशा थरातच असतो, म्हणून मुळं खोल जाण्याऐवजी आडवी पसरतात आणि झाड तोलून धरतात. आपलं शेकरूही भेटलं बरं का, अगदी माहेरचं माणूस भेटावं तसं.

सैरंध्रीला एक उंच मनोरा आहे. वर गेलं की सगळं खोरं दिसतं, चहूकडं नुसतं हिरवं आणि खाली कुंती. हे खोरं पाण्याखाली जायचं होतं. १९७३ मध्ये नियोजन आयोगानं इथल्या जलविद्युत प्रकल्पाला मान्यता दिली होती. केरळ शास्त्र साहित्य परिषदेची माणसं गावोगाव जाऊन बोलली, मुंबईचे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी आवाज उठवला आणि मल्याळम कवयित्री सुगतकुमारी आघाडीवर उभ्या राहिल्या. याच सुगतकुमारी पुढं केरळच्या महिला आयोगाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. २०२० मध्ये त्या गेल्या. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

हे मी मनोऱ्यावर सांगत होते, मास्तरीण ना शेवटी! वहिनी कठड्याला धरून खाली बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या आईचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे." इतक्या वर्षांच्या शेजारात हे मला ठाऊक नव्हतं. कोयनेचं धरण १९६०च्या दशकात झालं, माणसं उठली, लांब कुठं कुठं वसली. वहिनींची आजी म्हणे मरेपर्यंत पाणी तोंडाला लावताना आधी गावाचं नाव घ्यायची.

चित्रकलेच्या बाई जरा रोखठोक आहेत. त्या म्हणाल्या, "पण वहिनी, तुमचा मिक्सर चालतो तो त्याच विजेवर. इथल्या बायकांनाही तेव्हा दिवा हवाच असेल की." माझी मैत्रीण म्हणाली, हा काय वाद घालायचा वेळ आहे का? मला मात्र वाटलं, हाच वेळ आहे. वीज गेली की पहिल्यांदा आपणच कातावतो. पाणी भरायचंय, डबे करायचेत, मुलांची परीक्षा आहे. माकडांसाठी वीज सोडली हे वाक्य त्या क्षणी आपल्याला पटेल का? वहिनी एवढंच म्हणाल्या, "दिवा हवाच होता गं. पण आमच्याकडं कुणी विचारलं नव्हतं." मग बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि नदीचं चित्र काढायला घेतलं. ते आता वहिनींच्या बैठकीत लावलंय.

पुढं दीड किलोमीटर चालून कुंतीच्या काठी जाता येतं. पाणी थंड आणि स्वच्छ, पण वाटाड्या सांगेल तिथवरच. खायला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, स्टीलच्या डब्यांत. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा आणि माकडानं कितीही केविलवाणं तोंड केलं तरी त्याला घास देऊ नका. मोबाईल लागेलच असं धरून चालू नका; 'संध्याकाळपर्यंत फोन येणार नाही' असं घरी आधीच सांगा, म्हणजे उगाच घोर नको.

परत आल्यावर पिशव्या अंगणातच झटका, एखादी जळू बरोबर येते. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत ठेवा. कपड्यांवर रक्ताचे डाग असतील तर गरम पाणी मुळीच घालू नका, डाग पक्का बसतो. थंड पाण्यात मीठ घालून अर्धा तास भिजवा, मग साबण. मांजरपाटाचे मोजेही तसेच धुवून ठेवा. आमचे पुढच्या दिवाळीला पुन्हा लागणार आहेत.