विश्लेषण : बिनवासाचा रंग म्हणजे बिनधोक रंग?

दसरा जवळ आला की घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. घरात तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर लोक चार पैसे जास्त मोजून ‘वास न येणारा’ रंग घेतात. ते योग्यच. पण निव्वळ वासावरून रंगाची पारख करणे आणि फक्त भिंतींचाच विचार करणे, या दोन चुकांमुळे त्या जादा खर्चावर पाणी पडते.

वास कशाचा असतो?

रंग नीट पसरावा म्हणून त्यात द्रावके असतात. रंग वाळताना ती हवेत उडून जातात. हीच बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे ‘व्हीओसी’. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, घसा खवखवणे हा त्यांचा लगेच जाणवणारा त्रास. ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइनसारखे द्रावक भरपूर असते. इमल्शनमध्ये ते काम बहुतांशी पाणी करते. म्हणून इमल्शन तुलनेने बरे. मात्र वास सुगंधाने झाकता येतो, आणि काही संयुगांचा वास फारसा जाणवतही नाही.

मग चूक कुठे होते?

भिंतीला महागडे इमल्शन लावणारे आपण दारे-खिडक्यांना ऑइल पेंट, फर्निचरला मेलामाइन पॉलिश आणि मुलांच्या खोलीत स्वस्त प्लायवूडचे कपाट करून घेतो. युरोपीय संघाच्या नियमांत २०१० पासून आतल्या भिंतींच्या मॅट रंगासाठी लिटरमागे ३० ग्रॅम व्हीओसीची मर्यादा आहे. लाकूडकामाच्या द्रावकाधारित रंगासाठी मात्र ती ३०० ग्रॅम आहे. फरक दहापट. प्लायवूड, एमडीएफच्या डिंकातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड तर महिनोन्महिने येत राहते, आणि उष्ण-दमट हवेत अधिक. मुंबई-कोकणात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

खरेदी करताना काय विचारावे?

‘लो व्हीओसी’ या शब्दांवर समाधान मानू नये. लिटरला किती ग्रॅम, हा आकडा मागावा. दुकानातल्या यंत्रावर मिसळल्या जाणाऱ्या रंगद्रव्यांतूनही व्हीओसी वाढू शकतात आणि गडद छटेला ती जास्त लागतात. म्हणून झोपण्याच्या खोलीला फिकी छटा बरी. दारांसाठी पाण्याधारित इनॅमल मिळते. प्लायवूड घेताना ई-झीरो किंवा ई-वन श्रेणी विचारावी. चुन्याची सफेदी अंगाला लागते हे खरे, पण तिच्यात द्रावक नसते.

शिशाचे काय?

घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत मात्र ते असू शकते. जुना रंग कोरडा घासू नये. पाणपेपरने ओला घासावा, आणि त्या वेळी मुले व गर्भवतींना खोलीपासून दूर ठेवावे.

सर्वाधिक धोका कोणाला?

आपल्याला पंधरा दिवस वास येतो, रंगाऱ्याला वर्षभर. रंगाऱ्याचा व्यवसायच वरील संस्थेने कर्करोगकारक ठरवला आहे. नाकाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ नाही. तरीही आपण ‘दिवाळीच्या आत उरका’ म्हणून त्याला बंद खोलीत राबवतो. खिडक्या उघड्या ठेवणे, पंखा बाहेरच्या दिशेने लावणे आणि काम आठवडाभर आधी सुरू करणे याला फारसा खर्च येत नाही.

शिशाची मर्यादा कायद्याने आली. व्हीओसीचा आकडाही प्रत्येक डब्यावर, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक व्हायला हवे. तोवर निदान गिऱ्हाइकाने तो विचारायला सुरुवात करावी. गिऱ्हाईक ज्याबद्दल विचारते, तेच दुकानदार पुढच्या वेळी मागवतो.