आमची नावं निघाली तरच त्यांची लागणार का?

मा. मंत्री व सचिव,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य



सोलापुरात आमचे हे यंत्रमागावर टॉवेल विणतात, मी शिलाईकाम करते. घरात पाच माणसं. रेशनवर माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २५ किलो धान्य मिळतं. लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले तेव्हा याच धान्यावर घर तगलं, हे मी कधी विसरणार नाही.

तरी रांगेत उभं राहताना मन कचरतं. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झालं. त्याआधी गव्हाला किलोमागे २ रुपये आणि तांदळाला ३ रुपये मोजायचो. रक्कम किरकोळ, पण पैसे देऊन माल घेतल्याचं समाधान होतं. आता यांना ते फुकटचं वाटतं. म्हणतात, नावं कमी करून टाकू. मी अडवते. मागाला काम नसलं की आठवड्याचा पगार निम्म्यावर येतो, आणि एकदा कमी झालेलं नाव पुन्हा चढवणं सोपं नसतं.

खरी टोचणी मात्र वेगळी आहे. शेजारच्या बाईंचा नवरा गेला. पदरी दोन मुलं, कार्ड केशरी, पण धान्य सुरू होत नाही. कार्यालयात त्यांना सांगितलं, इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, शिल्लक नाही. राज्याचा इष्टांक सुमारे ७ कोटी माणसांचा, तोही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर किती घरं वाढली, किती मोडली! आमची पाच नावं निघाली तरच त्यांची तीन लागणार का? त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. मीच पिशवी पदराआड धरून त्यांच्या दारावरून येते.

उत्पन्नाची मर्यादाही तशीच जुनी. शहरात कुटुंबाला वर्षाला ५९ हजार, खेड्यात ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. एवढ्यात भाडं, वीजबिल आणि शाळा भागवून दाखवा. आमची दोघांची कमाई त्यावर जाते, हे मी उघड लिहिते. पोट मात्र अजून रेशनवरच भरतं. अपात्रांची शोधमोहीम निघाली की मग रात्रभर डोळा लागत नाही.

आणि सासूबाईंचा अंगठा! जन्मभर विड्या वळून रेषा झिजल्या. केवायसीच्या वेळी मशीन तो घेईना. पुसून, ओला करून, पुन्हा टेकवून झाला. मागे रांग खोळंबली होती आणि त्या सगळ्यांची माफी मागत होत्या. त्यांनी माफी का मागावी?

माझं मागणं एवढंच आहे. उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीला धरून ठरवा. इष्टांक वाढवून घेण्यासाठी केंद्राकडे जोर लावा. नाव कमी करण्याआधी लेखी कारण द्या, आमचं म्हणणं ऐका. अंगठा न उमटणाऱ्यांची केवायसी घरी येऊन करा. आणि शेजारच्या बाईंचं धान्य आमची नावं न काढता सुरू करा.

आपली,
एक शिधापत्रिकाधारक, सोलापूर